गॅरंटी उलटून गेलेला बल्ब

आमच्या बाहेरच्या खोलीत एक एलईडी बल्ब होता आणि मला त्याचा अभिमान होता. बल्बचा कसला आलाय अभिमान, असं तुम्ही म्हणाल. पण मग तुम्ही आमच्या गल्लीत राहिलेला नाहीत. भिवंडीत निजामपुऱ्याच्या मागे आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली पॉवरलूमचा कारखाना. दिवसभर आमची जमीन थरथरत असते. मांडणीतले पेले एकमेकांना लागून किणकिणतात, पाहुणे दचकतात, आम्हाला ते ऐकूही येत नाही. लाइट जाऊन परत आली की सगळे लूम एकदम सुरू होतात. मग व्होल्टेज असं काही खालीवर होतं की पंखा आधी कण्हतो आणि मग सुसाट सुटतो. अशा घरात बल्ब टिकणं म्हणजे काय, हे आम्हालाच ठाऊक.

पूर्वी पिवळे बल्ब होते तेव्हा ते पटापट उडायचे. वडील उडालेला बल्ब काढून कानाशी हलवायचे, आतली तुटलेली तार तारेला चिकटवायचे आणि तो पुन्हा लागला की घरभर मिरवायचे. नंतर त्या पिळाच्या नळ्यांचे सीएफएल आले. त्यांच्या खोक्यावर मोठमोठे आकडे असायचे, प्रत्यक्षात त्यांची बुडं काळी पडायची, संध्याकाळी लावले की आधी विचार करायचे आणि मग उजळायचे. त्यांच्यानंतर एलईडी. खोक्यावर आणखी मोठे आकडे. मी ते सगळे वाचायचो, कारण मला वाचायची खोड आहे आणि भांडायचीही.

आमच्याकडे बल्ब घेतला की दुकानदार आधी तो होल्डरला लावून पेटवून दाखवतो आणि मग मार्करने त्याच्या पांढऱ्या बुडावर तारीख लिहितो. गॅरंटीच्या आत गेला तर तो नेऊन द्यायचा आणि नवा घ्यायचा. बहुतेक लोक कंटाळा करतात. मी कधीच केला नाही. एवढंच कशाला, शेजारपाजारच्यांचे गेलेले बल्बही मी पिशवीत घालून दुकानात न्यायचो. "साहब, आप फिर आ गये," असं म्हणत दुकानदार कपाळाला हात लावायचा. "आया नहीं हूँ, भेजा गया हूँ," असं मी म्हणायचो, आणि बल्ब बदलून घेतल्याशिवाय तिथून हलायचो नाही. गल्लीत माझी पत होती ती एवढ्याचीच.

बाहेरच्या खोलीतला हा बल्ब मात्र कधी न्यावाच लागला नाही. स्वयंपाकघरातले आले आणि गेले, मोरीतला गेला, जिन्यातला तर कितीदा गेला. हा आपला जळतोच आहे. गॅरंटी संपली, तारखेची शाई फिकट झाली, ज्या दुकानातून घेतला त्याची पाटी बदलली, तरी हा चालूच. कोणी घरी आलं की मी वर बोट दाखवायचो. "खाली लूम, असलं व्होल्टेज, आणि हा बघा." बायको म्हणायची, "अहो, एकदा त्याचा वाढदिवस करून टाका, म्हणजे सुटलो." शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी घरात साचलेलं कापसाचं तूस झाडायचं, हा गल्लीचाच रिवाज. मी स्टुलावर चढून त्या बल्बवरचं तूस मऊ फडक्याने पुसायचो. अगदी नेमाने पुसायचो. हे आता लिहितानाही मला माझी लाज वाटते, कारण त्या बल्बच्या बरोबर खाली माझी आई बसलेली असायची आणि तिच्याकडे मी इतक्या नेमाने कधी बघितलं नाही.

आई साड्यांना फॉल लावायची. कोन गावाजवळच्या खेड्यातून ती लग्न होऊन भिवंडीत आली तेव्हापासून तिच्या हातात सुई होती. वडिलांच्या नोकरीत घर चालायचं, पण आईची ओळख अमक्याची आई म्हणून नव्हती, अमक्याची बायको म्हणून नव्हती, फॉलवाली म्हणून होती. तिचा टाका साडीच्या सुलट बाजूला दिसत नसे. बायका साडी उलटसुलट करून शोधायच्या आणि आई गालात हसत बसायची. पौर्णिमेच्या आधी विहारात नेसायच्या पांढऱ्या साड्यांचा ढीग यायचा. पांढऱ्यातही किती पांढरे असतात ते मला तिच्यामुळे कळलं. ती दोऱ्याची रिळं साडीवर ठेवून बघायची आणि म्हणायची, "ह्यो न्हाय, ह्यो दुधाळ हाय. मला पिठाळ पायजे."

आमच्या खोलीला खिडकी आहे, पण समोरच्या इमारतीची भिंत हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. त्यामुळे दिवसाही बल्ब लावावा लागतो. आई सकाळची कामं आटपून त्याच्याखाली बसायची ती संध्याकाळपर्यंत. म्हणजे तो बल्ब जेवढा जळला, तो जवळपास सगळा तिच्यासाठी जळला.

एक दिवस पलीकडच्या गल्लीतली एक बाई साडी परत घेऊन आली. तिच्या मुलीच्या लग्नातली, वांगी रंगाची. बाई सभ्य होती, आवाज न चढवता म्हणाली, "मावशी, जरा बाहेर उजेडात येऊन बघा." आई गॅलरीत गेली. तिने साडीचा काठ उन्हात धरला आणि धरल्या धरल्या म्हणाली, "अगो बाय माझे! ह्यो तर चॉकलेटी दोरा घातला मी." वांगी काठावर चॉकलेटी टाके सुलट बाजूने ओळीने दिसत होते. आईने साडी ठेवून घेतली, सगळा फॉल उसवून पुन्हा लावला आणि बाईकडून काही घेतलं नाही. मग संध्याकाळी मी कामावरून आल्यावर मला म्हणाली, "घरात उजेड कमी झालाय रं. बल्बाकडं बघ एकदा."

मी वर बघितलं. बल्ब चालू होता.

"आई, बल्ब चालू आहे ना?"

"हाय."

"मग उजेड कमी कसा होईल? बल्ब एक तर लागतो, नाही तर जातो."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "मला वाटलं ते सांगितलं."

मी अगदी समजूतदारपणे तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "डोळे तपासून घेऊ तुझे. वय झालं आता." माझ्या आवाजातला तो समजूतदारपणा मला अजून ऐकू येतो. त्यापेक्षा मी खेकसलो असतो तर बरं झालं असतं. तिने उलट भांडण तरी केलं असतं.

धामणकर नाक्याजवळ डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी आईला अक्षरांच्या पाटीसमोर बसवलं, डोळ्यांत बॅटरी मारली, भिंगातून बघितलं. म्हणाले, "मोतीबिंदूची थोडी सुरुवात आहे, या वयात असतेच. घाई काहीच नाही. डोळे कोरडे पडतायत, हे थेंब घाला." मी विचारलं, शिवणकामाचं काय? ते म्हणाले, "चांगल्या उजेडात बसून केलं तर हरकत नाही." हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. घरी येऊन मात्र बायकोला सांगितलं, "मोतीबिंदू आहे. शिवणकाम बंद." मधलं सगळं मी गाळलं. मुद्दाम गाळलं नाही. मला जेवढं हवं होतं तेवढंच मी ऐकून आलो होतो.

आईने सुया-दोऱ्यांचा पत्र्याचा डबा कपाटावर ठेवला. ठेवताना झाकण नीट बसलंय का ते दोनदा दाबून बघितलं. बायका साड्या घेऊन यायच्या तेव्हा ती दारातूनच सांगायची, "आता न्हाय दिसत गं मला." पहिल्यांदा हे तिला अवघड गेलं, मग तोंडात बसलं. आणि एकदा तोंडात बसल्यावर ती तशी वागायला लागली. घरात भिंतीला हात लावून चालू लागली. तांदूळ निवडायचे तर सुनेला हाक मारू लागली. विहारात एकटी जायची ती कोणीतरी सोबत असेल तरच जाऊ लागली. आम्ही तिला कधी काही तोडून बोललो नाही. उलट फार जपलं. "आई, तू राहू दे," हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं की शेवटी ती खरंच सगळं राहू द्यायला लागली.

मला कळायला हवं होतं. मी आंधळा नव्हतो. एका रविवारी मी तिला बाजारात घेऊन गेलो होतो, तिचा हात धरून. भाजीवाल्याच्या ढिगातून मी वांगी उचलत होतो आणि आई उभ्या उभ्या म्हणाली, "ते ठेव. देठाजवळ भोक हाय त्याला." मी वांगं फिरवून बघितलं. टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. मी हसलो, भाजीवालाही हसला. "अम्मा की नजर देखो," तो म्हणाला. आणि मी तिचा हात धरून, खड्डे दाखवत दाखवत, तिला परत घरी आणलं. माझ्या डोक्यात एवढंसुद्धा आलं नाही की जी बाई उन्हात वांग्याचं भोक बघते तिच्या डोळ्यांना घरातच काय होतं.

मग स्वयंपाकघरातला बल्ब गेला. गॅरंटीतला होता, मी तो दुकानात नेला, वाद घातला, नवा आणला. होल्डरला लावला तर बायको म्हणाली, "बापरे, केवढा हा उजेड! जास्त वॅटचा आणलात का?" मी खोकं बघितलं. वॅट तेवढेच होते, बाहेरच्या खोलीतल्याइतकेच. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो आणि दारातच थांबलो. बाहेरच्या खोलीत दिवा लागलेला होता. तरीही स्वयंपाकघराच्या दारातून जमिनीवर उजेडाचा एक पांढरा पट्टा पडला होता, आणि आई नेहमीची जागा सोडून, पाट सरकवून त्या पट्ट्यात येऊन बसली होती. मांडीवर गवारीच्या शेंगा होत्या. ती त्यांच्या शिरा काढत होती, कोणालाही हाक न मारता.

मी एकदा त्या पट्ट्याकडे बघितलं, एकदा वरच्या बल्बकडे. तरी माझा स्वभाव असा की पटत नाही तोवर मी स्वतःचंही ऐकत नाही. मी स्टूल आणलं, बाहेरचा बल्ब काढला आणि स्वयंपाकघरातला नवा तिथे लावला.

खोली वेगळीच दिसायला लागली. भिंतीचा रंग मला आठवत होता तो नव्हता, त्याच्याहून स्वच्छ होता. कोपऱ्यात कोळिष्टक होतं. कॉटवरच्या अभ्र्यावर बारीक फुलं होती, मी ती विसरूनच गेलो होतो. ज्या उजेडात आम्ही बसत होतो तो दिवसादिवसाने, कोणाला पत्ता न लागू देता उतरत गेला होता आणि आमचे डोळे त्याच्याबरोबर उतरले होते. आम्हाला बारीक काही बघायचंच नसायचं, म्हणून आमचं अडलं नाही. आईचं अडलं. पुढे मी याबद्दल वाचलं. हे दिवे सहसा एकदम जात नाहीत, मंद होत जातात. त्यांचं आयुष्य मोजतात तेही ते बंद पडेपर्यंत मोजत नाहीत, उजेड अमुक इतका उतरला की दिवा संपला असं धरतात. म्हणजे मी पाहुण्यांना बोट दाखवून जो दाखवत होतो, तो कधीच संपलेला बल्ब होता.

मी स्टुलावर उभा, हातात तो जुना बल्ब, अजून कोमट. आईने मान वर करून आधी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बल्ब झटकन शर्टाच्या खिशात कोंबला, चोरी पकडली जावी तसा. ती हातातल्या शेंगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आज लय चांगलं दिसतंय रं. थेंबांनी गुण आला वाटतं."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. आई, थेंबांनी नाही, बल्बने. तू सांगत होतीस ते खरं होतं. इतकं सोपं वाक्य होतं. मी म्हणालो, "हो, येतो हळूहळू गुण."

दुसऱ्या दिवशी तिने कपाटावरचा डबा मला काढून द्यायला सांगितला. जुनी एक साडी घेऊन बसली. दोरा ओवला, पहिल्याच खेपेला. टाके घालताना तिचा हात पूर्वीपेक्षा सावकाश चालत होता आणि मधूनच थांबत होता. हाताची सवय मोडली होती, डोळ्यांमुळे नव्हे, माझ्यामुळे. हळूहळू गल्लीत बातमी गेली आणि बायका साड्या घेऊन आल्या. सगळ्या आल्या नाहीत. काहींनी मधल्या काळात दुसरी फॉलवाली धरली होती. ज्या आल्या त्यांना आई सांगायची, "माझ्या पोरानं डोळं दिलं मला परत. रोज सकाळी थेंब घालतोय, एक दिवस चुकवीत न्हाय." बायका माझ्याकडे बघून मान डोलवायच्या. एकजण तर म्हणाली, "आमच्या मुलांना शिकवा जरा." मी चपला घालून जिना उतरायचो. त्या जिन्यातच मी तो जुना बल्ब लावला होता, टाकवला नाही म्हणून. तो तिथे जळत असायचा, शांतपणे, न चुकता. कधी नव्हे ते मला वाटायचं, उडावा हा एकदाचा.

बायकोला सगळं माहीत होतं. एकदा कणीक मळता मळता एवढंच म्हणाली, "सांगून टाका आईंना. दुकानदाराशी तासभर भांडता ना, मग आईशी दोन शब्द बोलायला काय होतं?" मी म्हटलं, आता ती खुशीत आहे, उगाच कशाला. मी हे तिच्या खुशीसाठी म्हणतोय, असं मी मला पटवलं होतं. खरं म्हणजे मला ते ऐकायला आवडत होतं. पोरानं डोळं दिलं. आपण ज्याचे डोळे काढून घेतले त्यानेच आपल्याला आशीर्वाद द्यावा आणि तो आपण घ्यावा, याची एक चटक असते. ती लागली होती मला. आणि रोज सकाळी ती मला खातही होती.

सकाळी चहा झाला की आई त्या दिव्याखाली खुर्चीत बसायची, आपला जुना चष्मा काढून मांडीवर ठेवायची आणि मान मागे टाकायची. मी तिच्या पापण्या दोन बोटांनी उघडून थेंब घालायचो. मग ती डोळे मिटून बसायची आणि मीही तिच्याच पदराने तिचे गाल टिपून थोडा वेळ तिथेच बसायचो. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब होते, त्यांनी अपाय नव्हता. पण त्या थेंबांच्या आड मी लपत होतो आणि बाटली संपली की नवी आणत होतो.

परवा शुक्रवार होता. लूम बंद, त्यामुळे घर शांत. इतकं शांत असलं की आमच्याकडे माणसाला स्वतःचाच आवाज मोठा वाटतो. आईने मान मागे टाकली. मी बाटली उघडली, तिची पापणी धरली आणि थांबलो. तिच्या डोळ्यात वरचा दिवा दिसत होता, छोटासा, पांढरा. मला पुढे काही करवेना.

"आई," मी म्हणालो, "थेंबांनी गुण नाही आला तुला. मी बल्ब बदलला. तुझे डोळे तेव्हाही बरे होते. बल्ब मंद झाला होता आणि मी तुझं काम बंद केलं."

ती हलली नाही. मान तशीच मागे, डोळा तसाच उघडा.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "तू स्टुलावर व्हतास तवाच कळलं. खिशात बल्ब घातलास तो दिसला मला. दिसतंय की मला."

मी तिची पापणी सोडली. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले व्हते की. पयल्याच दिवशी बोलले व्हते, उजेड कमी झालाय म्हणून." तिचा आवाज रागाचा नव्हता, साडीचा रंग सांगावा तसा होता. "तू म्हणलास, न्हाय झाला. मंग मी दुसऱ्यांदा कशाला बोलू?"

खालच्या गल्लीत कोणीतरी तूस झाडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"घाल आता थेंब," आई म्हणाली. "मान दुखाय लागली माझी."